पहिला खिळा ठोकणारा बँकर

आज पाहुण्यांना घेऊन पुन्हा एकदा स्वातंत्र्यदेवीच्या पायाशी. सगळे मान वर करून मशालीकडे बघत होते, माझं लक्ष मात्र पायाच्या अंगठ्याकडे. १८८१ साली पॅरिसमध्ये त्या अंगठ्याच्या तांब्याच्या पत्र्यात पहिला खिळा ठोकला तो लेव्ही मॉर्टन यांनी, अमेरिकेचे तिथले तेव्हाचे राजदूत. मूळचा व्हरमाँटचा, पाद्र्याचा मुलगा. दुकानातल्या नोकरीपासून सुरुवात, मग न्यूयॉर्कमध्ये कापडाचा घाऊक धंदा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या राज्यांतली उधारी बुडाली आणि पेढी बसली. पुढे बँकिंगमध्ये पैसा आल्यावर त्यांनी जुन्या देणेकऱ्यांना... चुकलं, घेणेकऱ्यांना जेवायला बोलावलं आणि प्रत्येकाच्या ताटाखाली सव्याज रकमेचा चेक ठेवला, असा किस्सा सांगतात. खरा असो वा रचलेला, मला जाम आवडतो.

राजकारणातली वेळ मात्र साधली नाही. १८८० मध्ये रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार गारफिल्ड यांनी उपाध्यक्षपदासाठी विचारलं, यांनी पक्षातले वजनदार नेते कॉन्क्लिंग यांचं ऐकून नकार दिला. त्यांच्याऐवजी त्याच पक्षाचे चेस्टर आर्थर हो म्हणाले आणि उपाध्यक्ष झाले, पुढच्याच वर्षी अध्यक्ष गारफिल्ड यांची हत्या झाली आणि आर्थर थेट अध्यक्ष! मॉर्टन १८८९ मध्ये उपाध्यक्ष झाले, पण पुढच्या खेपेला पक्षानेच तिकीट कापलं. मग सत्तरीत न्यूयॉर्कचे गव्हर्नर.

हे सगळं मी बोटीच्या रांगेत ऐकवलं. मामा म्हणाले, "म्हणजे कॉन्क्लिंगने घात केला." काकूंना फक्त चेकवालं जेवण लक्षात राहिलं.