मिंट २० वर ओसीआर अखेर उघडला (आणि पेनड्राइव्हने पुन्हा अडवला)

उघडला! आपला ओसीआर, म्हणजे स्कॅनमधला मजकूर ओळखणारा प्रोग्रॅम, राजवाड्याजवळच्या वाचनालयातल्या लिनक्स मिंट २० च्या मशीनवर, नेट न लावता. मागच्या नोंदीतली 'जीलिबसी २.३८ सापडत नाही' ही चुकीची ओळ गेली एकदाची (जीलिबसी म्हणजे लिनक्सवरचे जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी).

संशय पायसाइडवर (खिडक्या-बटणांची लायब्ररी) होता, निघालं टेसरॅक्ट (अक्षरं ओळखणारं इंजिन). बिल्ड व्हायचा उबुंटू २४.०४ वर, तिथे जीलिबसी २.३९. मिंट २० चा पाया उबुंटू २०.०४, म्हणजे २.३१. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं नाही, हे ठाऊकच आहे. पण २.३८ नेमकं मागतंय कोण? लिबटेसरॅक्टवर 'ऑब्जडंप -टी' (फाइल कोणती चिन्हं, म्हणजे फंक्शनची नावं, मागते ते दाखवणारी आज्ञा) चालवला तर सापडलं 'आयएसओसी२३_स्ट्रटोल'. सोर्समध्ये हे नाव कुठेच नाही, तिथे साधा स्ट्रटोल (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) आहे. २.३८ पासूनच्या हेडर फायली त्याला गुपचूप नव्या नावाकडे वळवतात. हे वळण सुरू करणारी 'ग्नू सोर्स' ही खूण जी++ (सी++ चा कंपायलर) स्वतःहून लावतो, त्यामुळे सी++ वाल्यांची यातून सुटका नाही. हे एक झाकलं तरी मुख्य बायनरी 'लिबसी_स्टार्ट_मेन'साठी २.३४ मागतेच, आणि तिच्या मागे सी++ ची लायब्ररी लिबएसटीडीसी++ उभी. चिन्हं एकेक झाकत बसायचा नाद सोडा.

उपाय जुनाच: डॉकरमध्ये (मशीनच्या आत वेगळी लिनक्स चालवणारं साधन) उबुंटू २०.०४ घ्या आणि सगळं तिथे बांधा. तिथल्या ॲप्टमध्ये (उबुंटूचं पॅकेज-भांडार) टेसरॅक्ट ४.१.१ आहे, आपल्याला ५ हवा, म्हणून तेवढा सोर्समधून. टेसरॅक्टला लागणारी चित्रांची लायब्ररी लेप्टोनिका मात्र ॲप्टचीच चालते, १.७९ पुरते.

खरी कुरबूर पुढे. आपल्या कोडमध्ये मॅच-केस (पायथनची नवी रचना) आहे, म्हणजे पायथन ३.१० तरी हवा, आणि २०.०४ मध्ये ३.८. मॅच-केस काढून इफ-एलिफ करायचं ठरलं होतं. कोड लिहिणारे अडून बसले: मिंट २० चा आधार एप्रिल २०२५ मध्ये संपला, त्याच्यासाठी चांगला कोड का बिघडवायचा? बरोबरच आहे त्यांचं. फुकट वेळ देणाऱ्याला मागचं निस्तरायला लावलं की तो पुढचं लिहिणं सोडतो. पण चार जीबी रॅमची मशीनं बदला असं वाचनालयाला सांगणंही तितकंच फुकाचं. ही नोंद लिहिता लिहिताच तो बेत रद्द केला. यूव्ही हे साधन पायथन ३.१२ आणून देतं आणि तो जीलिबसी २.१७ पासून चालतो. तोच पॅकेजात घालायचा, कोडला हात नाही. पायसाइड ६.६ वर बांधून ठेवला आहे, त्याच्या व्हीलला (तयार पॅकेज) जीलिबसी २.२८ पुरतं. बिल्डच्या शेवटी सगळ्या एसओ (लायब्ररीच्या) फायलींवर ऑब्जडंप चालतो. २.३१ च्या वरचं एक जरी चिन्ह दिसलं तरी बिल्ड नापास. कोडवाल्यांना एवढा एकच नियम पाळायचा आहे.

मग पेनड्राइव्ह. जेल रोडवर मिळणारे बहुतेक फॅट३२ मध्ये येतात. मिंट ते 'शोएक्झेक' लावून माउंट करतो, त्यामुळे ईएक्सई, कॉम, बॅट सोडून कशालाच चालवण्याची परवानगी मिळत नाही. ॲपइमेजवर (सगळं एकाच फाइलीत बांधलेलं आपलं ॲप) सीएचमॉड (परवानगी बदलणारी आज्ञा) मारलात तरी ढिम्म! आणि होममध्ये नुसती कॉपी केली तरी परवानगीची खूण हाताने करावी लागते. म्हणून ॲपइमेज आता टार-जीझेडमध्ये जाते. होममध्ये उलगडली की परवानगी सोबत येते, डबल-क्लिक, झालं. सगळ्यात कमी मेहनतीत सगळ्यात जास्त फोन वाचवणारा बदल हाच.

फ्लॅटपॅक (ॲप वाटायची दुसरी पद्धत)? चांगला आहे, पण पहिल्याच वेळी रनटाइमचे शेकडो एमबी उतरवतो. वाचनालयात चालायचं नाही. डेब पॅकेज ज्यांना हवं त्यांनी करावं, पॅच घेऊ.

टेसडेटा_प्रीफिक्स (भाषांच्या फायली कुठे आहेत ते टेसरॅक्टला सांगणारं सेटिंग) थेट टेसडेटा फोल्डरवरच रोखा. टेसरॅक्टच्या आवृत्ती ३ मध्ये तो त्याच्या वरच्या फोल्डरवर असायचा, म्हणून जुन्या स्क्रिप्टांना मराठीची फाइल सापडत नाही.

राहिलंय ते उबुंटू २४.०४ चं. तिथे लिबफ्यूज२ (ॲपइमेज उघडायला लागणारी लायब्ररी) आधीपासून नसतो, आणि पॅकेजचं नावही बदलून लिबफ्यूज२टी६४ झालंय. तोवर '--ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट-अँड-रन' लावून चालवा. पुढच्या बिल्डला स्टॅटिक रनटाइम (ॲपइमेजचा स्वयंपूर्ण सुरुवातीचा भाग) लावून पाहतो, मग लिबफ्यूज२ ची भानगडच नको.