पावाशिवाय नाश्ता: तांबडी भाजी आणि अंडी
सकाळी पोदेराचा, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याचा, हॉर्न ऐकून पाव न घेणं कठीणच, पण कार्ब्स कमी करायचे असतील तर हा नाश्ता खरंच पोटभरीचा आहे. म्हापशाच्या बाजारातली तांबडी भाजी (लाल माठ) बारीक चिरा, बिडाच्या तव्यात खोबरेल तेलावर कांदा, लसूण, हिरवी मिरची परता, मग भाजी टाका आणि पाणी पूर्ण आटू द्या, हे महत्त्वाचं, नाहीतर सगळं पचपचीत होतं. चमच्याने खळगे करून 2 अंडी फोडायची, झाकण, मंद आच, 3-4 मिनिटं. पांढरं घट्ट होतं, कडेला भाजीचा गुलाबी रंग चढतो, बलक मात्र अजून हलतो. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रोटीन, कार्ब्स 1 ग्रॅमपेक्षा कमी. बटाटा नको, भोपळी मिरची चालेल. वरून मिरपूड, आणि गरमगरमच खा.