उशिरा आलेल्या मुलीचा बॅले

आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडे दिवाळीनंतर धान घरात आले की झाडीपट्टीची नाटके सुरू होतात आणि रात्री उशिरा उभे राहिलेले नाटक पहाटेपर्यंत चालते. त्या सवयीत वाढलेल्या मला लंडनमधील एका नाट्यगृहातला हिशेब, म्हणजे तीन छोटे बॅले, एक मध्यंतर आणि दोन तासांच्या आत घरची वाट, अगदीच तुटपुंजा वाटला. तिकीट स्वस्तातले, म्हणून जागा सर्वांत वरच्या सज्जात. पण नर्तकांच्या रांगा आणि त्यांचे बदलते आकार वरूनच नीट दिसतात, हे तिथे बसल्यावर कळले.

पहिला बॅले नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्चिन यांचा ‘सेरेनेड’. चायकोव्हस्की यांच्या संगीतावर तो त्यांनी १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी बसवला. पडदा उघडतो तेव्हा फिकट निळ्या, पायघोळ झग्यांतील १७ मुली उजवा हात उंचावून स्तब्ध उभ्या असतात. सतराच का, तर पहिल्या तालमीला तेवढ्याच आल्या होत्या. पुढे एका तालमीत एक मुलगी पडली, दुसरी एक उशिरा आली, आणि बॅलन्चिन यांनी ते पडणे आणि ते उशिरा येणे, दोन्ही नृत्यात तसेच ठेवले. (त्या हलक्या पावलांखाली फळ्यांवर बुटांची टकटक चांगलीच ऐकू येते, हे मात्र कुणी आधी सांगितले नव्हते.)

मध्यंतरानंतर मिखाईल फोकिन यांनी नर्तिका ॲना पावलोव्हासाठी रचलेला मरणाऱ्या हंसाचा नाच झाला. जेमतेम तीन-चार मिनिटांचा, आणि मला जरा जास्तच गोड वाटलेला. शेवटी फ्रेडरिक ॲश्टन यांचे ‘सिंफनिक व्हेरिएशन्स’, महायुद्ध संपल्यानंतर १९४६ साली रंगमंचावर आलेले. त्यात सहाच नर्तक, आणि ते अखेरपर्यंत रंगमंच सोडत नाहीत; स्वतःची पाळी नसली की नुसते उभे राहतात. ते उभे राहणे नाचण्याइतकेच अवघड असावे.

रविवारी फोनवर हे सारे सांगितले, तर बाबांचा पहिला प्रश्न, “मंग गोष्ट का होती?” गोष्ट नव्हती, हे त्यांना काही पटेना. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले की त्या उशिरा आलेल्या पोरीचे पुढे काय झाले. मी सांगितले की ती रांगांमधून आपली जागा शोधते आणि इतरांसारखाच हात वर करून उभी राहते. त्यावर बाबा म्हणाले की आमच्या तालमीला उशिरा येणाऱ्याला आम्ही आधी चहा करायला बसवत असू.