रॉजर म्हणजे ‘हो’ नव्हे

इंदूरच्या विमानतळाजवळ, बिजासनच्या टेकडीवर संध्याकाळी विमानं बघायला आलेली पोरं मला हटकून विचारतात, “काका, पायलट रॉजर म्हणतो म्हणजे ‘हो’च ना?” मी विमानतळाच्या टॉवरमध्ये, म्हणजे जिथून पायलटांना रेडिओवर सूचना देतात तिथे, नोकरी केलेली, म्हणून इंदूरचे आमचे नातेवाईकही हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

रॉजर म्हणजे ‘तुमचं आत्ताचं बोलणं मला पूर्ण मिळालं’. एवढंच. मोर्सच्या, म्हणजे टिंब-रेघांनी तारा पाठवण्याच्या काळात ‘रिसीव्ह्ड’ (मिळालं) साठी नुसतं आर पाठवत. दुसऱ्या महायुद्धात बिनतारी यंत्रावर आर हे अक्षर ‘रॉजर’ असं उच्चारत. 1956 मध्ये आरचा ‘रोमिओ’ झाला, पण पोच देताना रॉजरच राहिलं.

घोळ आपल्या मराठीतही आहे. ‘पोरगा आईचं ऐकत नाही’ म्हणतो तेव्हा पोराचे कान शाबूत असतात. कानावर पडणं आणि तसं वागणं, दोन्हीला आपण ‘ऐकणं’च म्हणतो. रॉजरमध्ये फक्त पहिलं येतं. ‘तसं करतो’ सांगायला विल्को, होकाराला अफर्म. आणि ‘रनवेच्या अलीकडे थांबा’ अशा सूचनेला तर यातलं काहीच चालत नाही. ती सूचना पायलटनं आपल्या विमानाच्या नावासकट परत म्हणून दाखवायची.

एवढा काटेकोरपणा कशाला, असं वाटेल. 27 मार्च 1977, टेनेरीफ बेट, दाट धुकं. केएलएम या डच कंपनीच्या विमानातून आवाज आला, आम्ही आता टेकऑफवर आहोत. टॉवर म्हणाला, “ओके”, आणि पुढे ‘थांबा, मी सांगतो’. पण त्याच क्षणी रनवेवरचं पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं विमानही बोललं. दोन आवाज एकमेकांवर आदळून केएलएमच्या पायलटांना नुसती शिट्टी ऐकू आली. स्वच्छ पोचलं ते ‘ओके’. केएलएमचं विमान धावत गेलं आणि पॅन ॲमच्या विमानावर आदळलं. 583 माणसं गेली. तेव्हापासून ‘टेकऑफ’ हा शब्द परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात, एरवी ‘डिपार्चर’ म्हणतात. ते ‘ओके’ आठवलं की मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

रामबागेत माझी ताई एकटी असते. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या की मी फोनवर सांगतो. ती म्हणते, “ऐकलं रे.” मी म्हणतो, “ताई, परत सांग.”

“पांढरी, अर्धी, जेवणाआधी.”

मग फोन ठेवतो.