रथसप्तमीच्या आदल्या रात्री

उद्या रथसप्तमी. कुठे शाळेच्या पटांगणात, कुठे व्यायामशाळेत सामुदायिक सूर्यनमस्कार होतील. कुठे 12, कुठे थेट 108. वर्षभर अंग न हललेला माणूस या दिवशी ईर्ष्येने पंचविसेक घालतो. पोटऱ्या आणि खांदे खरे ठणकतात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. जिना उतरताना मांड्या बोंबलतात, 'दोन दिवस विश्रांती' ठरते आणि ती पुढच्या माघापर्यंत चालते. आळसाला उगाच बदनाम केलंय. घात बहुतेक वेळा पहिल्या दिवसाच्या जोशानेच होतो.

म्हणून उद्या दोनच. एकात उजवा पाय मागे, दुसऱ्यात डावा. आठवडाभर तेवढेच, मग दर आठवड्याला दोन वाढवायचे. सहाव्या आठवड्यात 12 होतात. सावकाश घातले तर एका नमस्काराला अर्धा मिनिट, म्हणजे बाराचे सहा मिनिटं. आकडे मोजण्यापेक्षा मित्र, रवी, सूर्य, भानू अशी बारा नावं घेतली की मोजणी चुकत नाही आणि घाईही होत नाही. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार रुजवले, ते रोजचा नेम म्हणून. एका दिवसाचा विक्रम ही आपली हौस.

चुका ठरावीक जागी होतात. खाली वाकून हात टेकवताना गुडघे सरळच हवेत हा हट्ट. मग सगळा ताण कमरेवर. गुडघे खुशाल वाकवावेत, पोट मांडीला लागू द्यावं. मांडीमागच्या शिरा महिना-दोन महिन्यांत सैल होतात. मनगट दुखतं कारण भार तळहाताच्या मनगटाजवळच्या भागावर पडतो. बोटं फाकवून त्यांच्या मुळांनी जमीन दाबली की बरंच हलकं होतं. साष्टांग स्थितीत एकदम खाली कोसळू नये: आधी गुडघे, मग छाती, मग हनुवटी. भुजंगासनात हात ताठ करून मान मागे टाकली की कंबर धरते. कोपरं थोडी वाकलेली, बरगड्यांजवळ. छाती पुढे सरकायला हवी, उंची आपोआप येते. श्वासाचा नियम सोपा, वाकताना सोडायचा, ताणताना घ्यायचा. गोंधळ झालाच तर नुसता चालू ठेवावा, कोंडणं वाईट. रक्तदाब जास्त असेल, मणक्याचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं, यात भिडस्तपणा नको.

आणि सतरंजी नको. गुळगुळीत फरशीवर ती सरकते आणि पाय मागे नेताना जांघेत लचक भरते. रबरी मॅट, नाहीतर सरळ उघडी फरशी आणि गुडघ्याखाली दुमडलेला टॉवेल.

आता मन लागण्याचं. मन आधी लागेल, मग सुरुवात होईल, हा क्रम उलटा आहे. लंडनमधल्या 2009 सालच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागलेले दिसले. कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. 21 दिवसांचा मंत्र जपणाऱ्यांनी हे बघावं. त्यातच असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. तेव्हा चुकलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट घालून करू नये. सवय चिकटते ती आधीच्या एखाद्या पक्क्या सवयीला बांधली तर. दात घासून झाले की मॅटवर, चहा नंतर. पहाटे पाचचा गजर लावणारा गजराशीच भांडत बसतो. रोजच्यापेक्षा दहा मिनिटं आधी, एवढं पुरे. पोट रिकामं असावं. जेवणानंतर तीन तास तरी जाऊ द्यावेत.

फक्त नमस्कारांवर भागत नाही, हेही लिहून ठेवायला हवं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास झपझप चालणं. वेग कसा ओळखायचा? बोलता येतं पण गाता येत नाही, तो बरोबर. दहा हजार पावलांचं फार मनावर घेऊ नये. तो आकडा 1965 च्या सुमाराला जपानात निघालेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आलाय.

खाण्यात एकदम उलथापालथ नको. चहापासून सुरुवात. दोन चमचे साखरेचे तीन कप म्हणजे जवळपास 25 ते 30 ग्रॅम साखर. दिवसभरात वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत असलेली बरी, असं तीच संघटना सांगते. या आठवड्यात दर कपात अर्धा चमचा कमी. चव बिघडल्यासारखी वाटेल, पण जीभ काही दिवसांत जमवून घेते. सोबतची खारी आणि बटर मात्र डब्यातूनच हलवावेत. समोर असलं की हात जातोच.

मॅट आत्ताच पलंगाशेजारी पसरून ठेवायची. टॉवेल त्यावर.