बिल्ल्यावरचा खंजीर

"आत्या, यात आपला स्तंभ कुठाय?"

काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेतून महार रेजिमेंटचा टोपीवरचा बिल्ला निघाला, आणि भाचीनं हे विचारलं. तिरप्या दोन व्हिकर्स मशीनगन, मधे उभा खंजीर. पॉलिश करून करून खंजिराचं टोक पार झिजलंय.

"पहिल्या बिल्ल्यावर होता," काका म्हणाले. "माझ्या वेळेला खंजीरच होता."

१९४१ साली बेळगावात पलटण उभी राहिली, तेव्हा बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची, त्यात शेवटी 'नाक' असलेली महार शिपायांची नावं ज्याच्यावर कोरलीत, तोच. स्वातंत्र्यानंतर तो काढला. इंग्रजांच्या विजयाची खूण स्वतंत्र देशाच्या शिपायानं कपाळावर का मिरवावी, हेही मला समजतं. पण त्या दगडावरची नावं आपल्या माणसांची आहेत ना?

व्हिकर्स कधीच मोडीत निघाली, तरी बिल्ल्यावर राहिली. नावांचा दगड तेवढा गेला. हे दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

संध्याकाळी भाचीनं वहीत बिल्ला काढला, खंजिराच्या जागी स्तंभ. काका बराच वेळ बघत बसले. मग पान फाडून घेतलं, नीट घडी घातली आणि बिल्ल्याखाली ट्रंकेत ठेवलं.