बडोद्यात इतिहासाचा वर्ग: मांडवी ते कामाठी बाग

शाळेची बडोद्याची सहल म्हटलं की यादी ठरलेली: लक्ष्मीविलास, कीर्तिमंदिर, वस्तुसंग्रहालय, सूरसागर आणि संध्याकाळी घरी. मुलांना महाल दिसतात, इतिहास काही हाताला लागत नाही. इथल्या मराठी शिक्षकांच्या गटाने आठवी-नववीसाठी आखलेली ही फेरी एकाच प्रश्नावर उभी आहे. ज्या संस्थानाने 1906 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्याच्याच शिष्यवृत्तीवर परदेशात शिकून 1917 साली नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेब आंबेडकरांना राजधानीत राहायला खोली का मिळाली नाही? ठिकाणं या प्रश्नावरून निवडली, म्हणून ती तीनच राहिली. लक्ष्मीविलास गाळल्याबद्दल मुलं कुरकुरतात, पालक त्याहून जास्त. तरीही गाळावा.

पहिला थांबा मांडवीतलं मध्यवर्ती ग्रंथालय. बस सूरसागरपाशी सोडून लहेरीपुरा दरवाज्यातून पायी जावं. बाजार भरण्याआधी पोचलं तर मुलांची रांग टिकते. सयाजीरावांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरत. इथल्या पोलादी मांडण्या आणि काचेची जमीन मुलं बघतच राहतात, पण तिथेच अडकू देऊ नये. "या पेटीतलं पुस्तक गावात कोणाच्या हातात पडलं असेल, आणि कोणाच्या नाही?" हा प्रश्न इथेच विचारायचा.

संस्थांची मदत मिळवायची तर पत्रात नेमकं मागावं लागतं. "ग्रंथालय दाखवावे" असं लिहिलं की एक चक्कर मिळते आणि तेवढ्यावर भागतं. "फिरत्या वाचनालयांविषयीच्या जुन्या अहवालाचं एखादं पान वाचनकक्षात टेबलावर ठेवता येईल का?" असं लिहिलं की तिथली जाणती माणसं स्वतः पुढे येतात. पत्र महिनाभर आधी, गुजराती आणि इंग्रजीत द्यावं. नुसतं मराठी पत्र टेबलावर पडून राहतं. तारीख, वेळ, इयत्ता, मुलांची संख्या, हवं असलेलं साहित्य आणि फोटो काढायचे की नाही, एवढं सगळं त्यात असावं. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी आणि ती त्या दिवशी खिशात ठेवावी. मधल्या काळात अधिकारी बदलतात, आणि मग पोच नसेल तर दारातच अर्धा तास जातो.

दुसरा थांबा, तांबेकर वाडा, थोडक्यात उरकता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा आज पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. भिंतींवर पौराणिक प्रसंग आहेत, लढाया आहेत, रोजचं जगणंही आहे. सक्तीच्या शिक्षणाच्या आधी लेखणी आणि सत्ता कोणत्या घरांत होती, ते इथे दिसतं. खोल्या लहान आणि अंधाऱ्या आहेत, त्यामुळे दहा-दहाचेच गट करावेत, फ्लॅश बंद ठेवावा आणि पाठीवरची दप्तरं बाहेर काढून ठेवावीत. भिंतीला टेकलेलं एक दप्तर रंगाचे पोपडे उडवू शकतं.

खरी मेहनत सहलीच्या आधी वर्गात करायची असते. 1911 च्या जनगणनेचा बडोद्याचा खंड इंटरनेट अर्काइव्हवर आहे. त्यात निवडक जातींनुसार साक्षरतेचा तक्ता आहे. अख्खा तक्ता देऊ नये. पाच-सहा ओळी मोठ्या करून द्याव्यात आणि मुलांना दर हजारी प्रमाण काढायला लावावं. स्कॅनमध्ये 3 आणि 8 एकसारखे दिसतात, म्हणून स्त्री-पुरुषांची बेरीज एकूण आकड्याशी जुळते का, ते आधी शिक्षकांनी पडताळावं. जातींची जुनी, अपमानकारक नावं समोर येतील. ते शब्द त्या काळच्या सरकारी कागदाचे आहेत, आपले नाहीत, हे तक्ता वाटण्याआधी सांगावं. कोणत्याही मुलाला "तुमची ओळ कोणती?" असं विचारलं जाता कामा नये, गमतीतही नाही.

शेवटी कामाठी बाग. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या 12 व्या खंडात बडोद्याचा अनुभव त्यांनीच लिहिलेला आहे: खोटं नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहणं, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेला जमाव, हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही मित्रांकडे निवारा न मिळणं, आणि मुंबईची रात्री नऊची गाडी सुटेपर्यंत याच बागेत काढलेले तास. या दीड-दोन पानांचं मराठी भाषांतर करून प्रत्येकाला द्यावं आणि बागेतच, चारनंतर, मोठ्याने वाचावं. रविवार टाळावा, कारण प्राणिसंग्रहालयाच्या गर्दीत आवाज पोचत नाही.

मग बागेतल्याच संकल्पभूमी या बाबासाहेबांच्या स्मारकापाशी एकच कागद, दोन रकाने: लेखात काय आहे, इथल्या स्मारकात काय आहे. लेखात बाबासाहेब आईवडिलांच्या आठवणीने व्याकूळ झालेले दिसतात. वडाचं झाड आणि संकल्प यांचा उल्लेख नाही. स्मारक मात्र 23 सप्टेंबर 1917 चा, अस्पृश्यता संपवण्याचा संकल्प सांगतं. "मग स्मारक खोटं का?" असं कोणीतरी विचारणारच. गडबडून "तसं नाही रे" म्हणत विषय बदलला की धडा तिथेच संपतो. आत्मकथन एका माणसाने स्वतःच्या अनुभवाविषयी लिहिलं. स्मारक त्या अनुभवातून लाखो लोकांनी काय घेतलं ते सांगतं. दोन्ही इतिहासाची साधनं आहेत, पण दोघांना विचारायचे प्रश्न वेगळे. 23 सप्टेंबरला तिथे वंदनेसाठी जरूर जावं, पण त्या दिवशी प्रश्नपत्रिका काढू नये. तो लोकांचा अभिवादनाचा दिवस आहे.

स्टेशन बागेपासून जवळ असल्यामुळे बाहेरगावच्या शाळांनी हा थांबा शेवटीच ठेवावा. परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत भाषांतर, तक्त्याच्या ओळी, दोन रकान्यांचा कोरा कागद आणि मुलांनी विचारलेले प्रश्न यांची एक फाइल मराठी-गुजरातीत करून ग्रंथालयाला द्यावी. मुलांची नावं आणि फोटो त्यातून काढून टाकावेत, आणि प्रत्येक उताऱ्याखाली खंड आणि पानाचा क्रमांक लिहावा. पुढच्या शाळेचं पत्र आलं की तिथल्या माणसांना हातात द्यायला काहीतरी तयार असतं.